किराण्याचे स्मरणरंजन : परतवाड्याच्या संदर्भात एक विचार

बालपणी किराण्याच्या दुकानातून आणलेल्या आणि आता दुर्मिळ झालेल्या खाद्यपेयांच्या आठवणी हा मराठी नियतकालिकांतील एक रूढ लेखनप्रकार होऊन बसला आहे. दिवाळी अंक, दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्या, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका यांत त्याचे नमुने विपुल आढळतात. त्याची घडणही जवळजवळ ठरून गेली आहे. आरंभी दुकानाचे वर्णन येते : फळ्यांचे दार, काचेच्या बरण्यांची रांग, पितळी तराजू, गादीवर बसलेला दुकानदार. नंतर वस्तूंची यादी येते : लेमनच्या गोळ्या, पेपरमिंट, श्रीखंडवडी, बोरकूट, आवळासुपारी, गोटीच्या सोड्याची बाटली, ‘रावळगाव’, ‘पारले ग्लुको’, ‘गोल्ड स्पॉट’, डालड्याचा पिवळा डबा. यादी संपली की ‘ती चव आता राहिली नाही’ असा निःश्वास टाकला जातो, आणि लेख संपतो.

हा प्रकार निरुपद्रवी आहे अशी समजूत असल्यामुळे त्याची चिकित्सा करण्याचे कारण समीक्षकाला सहसा वाटत नाही. तथापि आत्मचरित्र, ललितनिबंध आणि प्रादेशिक कादंबरी यांवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला अशा लेखांचा पुराव्यासारखा उपयोग करण्याचा मोह होतो. अमुक काळी वऱ्हाडातील मुले काय खात होती, हे सांगण्यासाठी तो या याद्यांचा आधार घेतो. म्हणून या याद्या कशा तयार होतात, त्यांत काय येते आणि काय गळते, हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहात नाही. कोणाचे बालपण हे वऱ्हाडचे बालपण म्हणून नोंदले जाणार, असा तो प्रश्न आहे.

प्रथम संज्ञेचा विचार करणे इष्ट. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडविला. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून, परमुलखात राहणाऱ्या स्विस तरुणांना व भाडोत्री सैनिकांना जडणाऱ्या एका रोगाला त्याने हे नाव दिले. मूळ शब्द असा रोगवाचक आहे. मराठीत त्यासाठी दोन शब्द रूढ झाले : ‘गतकातरता’ आणि ‘स्मरणरंजन’. ते पर्यायी म्हणून वापरले जातात, परंतु त्यांचा अर्थ एक नाही. गतकातरतेत मुळातील वेदना शिल्लक आहे. स्मरणरंजनात तिची जागा रंजनाने घेतली आहे. किराण्याच्या आठवणींचे बहुतेक लेखन दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि हे केवळ वृत्तिभेदाने घडलेले नाही. त्या लेखनाचा आकृतिबंधच वेदनेला जागा ठेवीत नाही.

या लेखनाचा मुख्य व्यापार आवाहनाचा आहे. ‘आठवते का?’ असे वाचकाला विचारावयाचे आणि त्याने ‘हो, आठवते!’ म्हणावयाचे, एवढ्यावर त्याचे यश अवलंबून असते. मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीमालेच्या १९१३ साली निघालेल्या पहिल्या खंडातील प्रसिद्ध प्रसंगाशी त्याची तुलना नेहमी केली जाते. परंतु ती तुलना टिकत नाही. तेथे चहात बुडविलेल्या माद्लेनच्या तुकड्याची चव अकस्मात, इच्छा नसता, नायकावर चालून येते, आणि तिचा मूळ संबंध रविवारी सकाळी आत्याने आपल्या पेल्यात बुडवून दिलेल्या तुकड्याशी असतो. ती आठवण दुसऱ्या कोणाची होऊच शकत नाही. उलट किराण्याची आठवण दहा हजार वाचकांची असावी लागते. ज्या वस्तूचे नाव पुणे, नागपूर आणि परतवाडा येथे एकच असेल तीच वस्तू या आवाहनाला उपयोगी पडते. अशी वस्तू म्हणजे कारखान्यात तयार झालेली, वेष्टनात बांधलेली, जाहिरातीत झळकलेली वस्तू. म्हणजे यादीची निवड लेखकाची जीभ करीत नाही; लेखनप्रकाराची गरज ती करते.

परतवाड्याचे उदाहरण घेतले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. हे गाव अचलपूरच्या, म्हणजे जुन्या एलिचपूरच्या, शेजारी लष्करी छावणीच्या निमित्ताने वाढले. उत्तरेस सातपुडा आणि मेळघाट, दक्षिणेस कापसाची काळी जमीन, भोवती संत्र्यांच्या बागा, असे त्याचे स्थान आहे. मेळघाटातील सागवान येथील बाजारात उतरे. मूर्तिजापूर ते अचलपूर या अरुंद मार्गावरून कापूस नेणारी, पुढे ‘शकुंतला’ या नावाने ओळखली गेलेली गाडी आता बंद आहे. जंगल, शेत, बाग आणि छावणी यांचा माल एकाच पेठेत दिसावा अशी ही जागा. येथल्या बालपणाची खाद्यसूची त्यामुळे पुण्यामुंबईहून वेगळी असावयास हवी.

आता संत्र्याचेच पाहावे. अचलपूर, चांदूरबाजार, मोर्शी, वरूड हे तालुके म्हणजे ज्याला नागपुरी संत्रे म्हणतात त्या फळाचे माहेर. वर्षातून दोन बहर : आंबिया आणि मृग. आंबियाची फळे साधारणतः दिवाळीच्या आगेमागे उतरतात, मृगाची होळीच्या सुमारास. या मुलखातील मुलाला संत्रे विकत आणावे लागत नव्हते असे सरसकट म्हणता येणार नाही, कारण बाग सर्वांच्या घरी नसते आणि व्यापारी उभी बागच घेऊन टाकतात. परंतु बागेतील गळ, पेटीत न बसणारी लहान फळे, रस्त्याकडेचे ढीग, हे सर्व त्याच्या नित्य परिचयाचे होते. असे असता स्मरणलेखांत संत्र्याच्या नावाने काय येते? ‘गोल्ड स्पॉट’ येते. संत्र्याच्या रंगाचे, संत्र्याच्या कृत्रिम स्वादाचे, पार्लेच्या कारखान्यातून निघालेले आणि १९९३ साली पार्लेची पेये कोका-कोला कंपनीने विकत घेतल्यानंतर बाजारातून नाहीसे झालेले ते पेय. १९८०च्या दशकातील पिढीच्या लेखांत त्याच्या जोडीला ‘रसना’ येते. संत्र्यांच्या राशींमध्ये वाढलेला लेखक नारिंगी रंगाच्या बाटलीसाठी हळहळतो, ही गोष्ट विनोदी वाटेल. पण तिच्यात विसंगती नाही. संत्रे मुबलक होते, बाटली क्वचित मिळे. लग्नात, प्रवासात, पाहुणा आला म्हणून, परीक्षेत उत्तीर्ण झाल्याबद्दल. ‘एके काळी सर्रास मिळणारे’ असे ज्याचे वर्णन स्मरणलेख करतो ते पुष्कळदा सर्रास मिळत नव्हते. दुकानात ते दिसे. हातात येणे ही वेगळी गोष्ट.

खरोखर जे सर्रास होते त्याची वासलात हे लेख कशी लावतात? ज्वारीची भाकरी, कण्या, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, तेल घातलेला भुरका, गुळाचा चहा हे वऱ्हाडातील सामान्य घराचे खाणे. यांपैकी पुष्कळ पदार्थ किराण्याच्या दुकानाशी फक्त मीठ, मिरची आणि गूळ यांपुरते जोडलेले असत. त्यांना वेष्टन नव्हते, म्हणून त्यांना चित्रही नाही. स्मरणलेखात ते आलेच तर ‘साधे पण सकस अन्न’ या एका शब्दसमूहात गुंडाळले जातात, आणि लेखणी लगेच गोळ्यांच्या बरणीकडे वळते. ज्वारीच्या चवीत खरोखरच फरक पडल्याची तक्रार शेतकरी घरांत ऐकू येते. ‘सीएसएच-१’ हे पहिले संकरित वाण १९६४ साली प्रसृत झाले आणि पुढे ‘हायब्रीड’ हा शब्द वऱ्हाडी बोलीत बेचव या अर्थानेही चालू लागला. चवीच्या इतिहासात ही घटना कोणत्याही शीतपेयाच्या अस्तापेक्षा मोठी आहे. परंतु तिच्यावर ‘आठवते का?’ असा लेख लिहिता येत नाही. भाकरीच्या चवीचे सामायिक नाव नाही.

शुद्धतेची कल्पनाही तपासून घ्यावी लागते. जुना माल निर्भेळ होता हे या लेखनाचे एक गृहीतक आहे. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ सालचा आहे. ज्या काळाला निर्भेळ म्हणून गौरविले जाते त्याच काळात भेसळ एवढी बोकाळली होती की कायदा करावा लागला, हे त्या सनावरूनच उघड होते. डालड्याचे उदाहरण तर मासलेवाईक आहे. १९३७ साली आलेल्या या वनस्पती तुपाविरुद्ध त्या काळी केवढा गदारोळ होता! त्यावर बंदी घालावी, निदान त्यात रंग मिसळावा, अशा मागण्या स्वातंत्र्याच्या आगेमागे होत होत्या, आणि बोलण्यात ‘डालडा’ हा शब्द नकली या अर्थाने वापरला जाई. तोच पिवळा डबा आज घरगुती मायेचे प्रतीक झाला आहे. सुट्या तेलाच्या आठवणीबाबतही तसेच. १९९८ साली दिल्लीत धोतऱ्याच्या बियांची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलाने माणसे दगावली आणि त्याच वर्षी खाद्यतेल बांधीव स्वरूपातच विकण्याचा केंद्रीय आदेश निघाला. (हा धोतरा म्हणजे पिवळ्या फुलांचा काटेधोतरा.) घाण्यावरून बाटली भरून आणण्याची आठवण गोड असेल, तिच्या अंताचे कारण मात्र गोड नाही, आणि स्मरणलेखांत ते सहसा येत नाही.

येथे एक व्यावहारिक सूचना अवांतर म्हणून करण्यासारखी आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे व ६४ पैसे होते. मेट्रिक वजने १९५८पासून टप्प्याटप्प्याने आली. स्मरणलेखातील किमती आणि मापे यांवरून आठवणीचा काळ ठरविता येतो, आणि पुष्कळ ठिकाणी दोन पिढ्यांची सामग्री एकाच बालपणात घुसडलेली आढळते. अर्थात सावधगिरी हवी. चार आण्यांचे नाणे गेल्यावरही २५ पैशांच्या नाण्याला ‘चाराणे’ म्हणण्याची रीत ते नाणे २०११ साली चलनातून जाईपर्यंत टिकली. छटाक आणि पावशेर यांचेही तसेच. शब्द नाण्यापेक्षा चिवट असतो.

यादीतून सर्वांत निश्चयपूर्वक गाळलेली वस्तू म्हणजे स्वस्त धान्याच्या दुकानातील माल. १९६०च्या दशकात आणि विशेषतः १९७२-७३च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, जिला लोक ‘मिलो’ म्हणत, महाराष्ट्रभर खाल्ली गेली. दुष्काळी कामांवर ‘सुकडी’ वाटली गेली. शाळांतून परदेशी दुधाची भुकटी कालवून दिली जाई. ही सर्व बालपणातील खाद्यपेयेच होती. लाखो मुलांनी ती घेतली. आज ती मिळत नाहीत. स्मरणरंजनाच्या सर्व बाह्य अटी ती पूर्ण करतात. पण मिलोविषयी ‘ती चव आता राहिली नाही’ असे कोणी म्हणत नाही. सुकडीचे मात्र क्वचित प्रेमाने स्मरण होते, आणि ते करणारे बहुधा खडी फोडणाऱ्या आईबापांची मुले असतात. त्या स्मरणात चव आणि लाज एकत्र असतात. गतकातरता हा शब्द वापरावयाचा तर येथे वापरावा.

साहित्याने ही बाजू सोडलेली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० सालची. वऱ्हाडी बोलीच्या समर्थ उपयोगासाठी ती नावाजली गेली. पण तिच्यातील कौतिकचा झगडा अखेर घरातल्या चुलीसाठी आहे. अशा घराला किराण्याचे दुकान म्हणजे उधारीची वही. दुकानदार आणखी किती दिवस देईल, हा त्या दुकानासंबंधीचा पहिला विचार. बरणीचा रंग त्यानंतर. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) यांनी अन्नाची आठवण ही अपमानाचीही आठवण असते हे मराठी वाचकाच्या गळी उतरविले. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या पाककृतींची नोंद केली, तेव्हा शीर्षकातील एका अक्षराने त्यांनी सगळ्या पाकशास्त्रीय वाङ्मयाला प्रश्न विचारला. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली निघाली आणि घरोघर गेली. परंतु तिच्यातले घर कोणते, हे विचारण्याची गरज त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी आलेल्या या पुस्तकाने पटवून दिली. वऱ्हाडासाठी असे पुस्तक अगत्याचे आहे.

पु. ल. देशपांडे यांचा ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख स्मरणलेखकांचा आदर्श ठरला असावा, असे त्यांच्या शैलीवरून वाटते. पण त्या लेखातील विनोद लेखकाच्या स्वतःच्या खादाडपणावर उलटतो. अनुकरण करणाऱ्यांनी पदार्थांची नावे उचलली आणि स्वतःकडे वळलेला तो विनोद सोडून दिला. यादी राहिली, पण लेखकाचे व्यक्तित्व तिच्यातून निघून गेले.

परतवाड्याच्या संदर्भात गो. नी. दांडेकर यांचे स्मरण अपरिहार्य आहे. त्यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्याचा. तेराव्या वर्षी शाळा आणि घर सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीकडे वळले. पुढे गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, वेदाध्ययन केले, नर्मदेची परिक्रमा केली. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली ‘स्मरणगाथा’ यांत या भटकंतीचे जीवन आले आहे. परिक्रमेचा यात्री भिक्षेवर किंवा सदावर्तावर राहतो. गाडगे महाराजांचा दंडक श्रम केल्यावाचून भाकरी न घेण्याचा होता. म्हणजे या जीवनमार्गावर अन्न भेटते ते कोणाच्या तरी हातून आणि कोणत्या तरी गावी. ते विकत आणलेले नसते, म्हणून त्याला किंमत नसते आणि छापील नावही नसते. त्याला दाता असतो. याच गावी जन्मलेल्या माणसाच्या वाट्याला आलेला हा अन्नाचा अनुभव आणि दुकानाच्या बरणीभोवती फिरणारा स्मरणलेख यांची तुलना एखाद्या प्रबंधाचा विषय होण्याजोगी आहे.

आणखी एक बाजू उरते, आणि तिच्याकडे परतवाड्यात बसून तरी दुर्लक्ष करता येऊ नये. मेळघाटातील कोरकू या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. मोहाची फुले, चारोळी, गोडंबी, डिंक, मध हा माल डोंगरातून खाली उतरे. मीठ, मिरची, तेल, कापड वर जाई. दुकानाच्या गादीच्या या बाजूला उभे राहून त्यांनी जे पाहिले ते मराठी स्मरणलेखांत नाही. त्यांची भाषा मुंडा कुळातली. तिच्यात कोदो-कुटकीच्या जेवणाला आणि मोहाच्या खाण्याला जे शब्द आहेत ते मराठीत उतरलेले नाहीत. त्यांच्याही बालपणी सर्रास असलेले आणि आता दुर्मिळ झालेले अन्न आहे. जंगलातील वावरावर निर्बंध येत गेले, पिके बदलली, आणि रानातून येणारे खाणे कमी झाले. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न महाराष्ट्रापुढे उघड्यावर आला. त्या वर्षी परतवाड्याहून काही तासांच्या अंतरावर मुले कुपोषणाने दगावत होती, आणि ‘गोल्ड स्पॉट’ कोका-कोला कंपनीच्या हाती गेले तेही त्याच वर्षी. दोन्ही घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. परंतु १९९० नंतरच्या बालपणाचे लेखन करणाऱ्याला त्यांपैकी दुसरीच आठवते, एवढे नोंदविले पाहिजे.

स्मरणरंजन बाजारालाही उपयोगी पडते, हे अलीकडच्या दोन व्यवहारांवरून दिसले. १९७७ साली कोका-कोला देशाबाहेर गेल्यानंतर वाढलेले ‘कॅम्पा कोला’ २०२२ साली रिलायन्सने विकत घेऊन पुढील वर्षी पुन्हा बाजारात आणले. २०२४ साली त्याच उद्योगसमूहाने रावळगावच्या ‘पान पसंद’ इत्यादी गोळ्यांची नावे २७ कोटी रुपयांना घेतली. मालेगावजवळच्या साखर कारखान्यात १९४०च्या दशकात सुरू झालेल्या गोळ्यांचे आज सर्वांत मोलाचे अंग म्हणजे त्यांचे नाव. आठवणीची अशी बाजारकिंमत ठरू लागल्यावर, स्मरणलेख आणि जाहिरात यांतील अंतर किती राहिले, हे समीक्षकाने प्रत्येक लेखाबाबत पाहावे.

या सर्वांवरून असा प्रकार लिहूच नये असे निघत नाही. त्याच्या हातून एक काम चांगले होऊ शकते, आणि काही लेखांत ते झालेही आहे : शब्दांची जपणूक. पुडी बांधण्याचे, मापाचे, उधारीचे, घासाघिशीचे, वरकड देण्याचे शब्द कोशांत नीट आलेले नाहीत. दुकानात कोणाला पाठविले जाई, मुलाला की मुलीला, पैसे देऊन की वही देऊन. दुकानदार कोणाला पायरीवर उभे ठेवी. कोणाची पुडी वरून टाकली जाई. सणाच्या आधी कोणत्या वस्तू उधारीवर मिळत नसत : एवढे प्रश्न विचारले तरी तीच आठवण निराळी दिसू लागते. ‘काय मिळत असे’ याऐवजी ‘कोणाला, कशाच्या बदल्यात’ असे विचारले की यादी मोडते आणि कथन सुरू होते.

परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या वाटेवर, सातपुड्याच्या पायथ्याशी, बहिरमची यात्रा डिसेंबर-जानेवारीत महिन्याहून अधिक काळ भरते. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, मातीच्या हंडीत शिजणारे मटण, हे तेथील जेवण. हंडी कुंभाराची असते, गहू घरचा किंवा बाजारचा, शिजविणारे हात घरातले, शेजाऱ्याचे किंवा पैसे देऊन ठरविलेले. विदर्भातून आणि पलीकडच्या मध्य प्रदेशातूनही माणसे तेथे येतात. ज्या विद्यार्थ्याला या विषयावर काम करावयाचे आहे त्याने वही घेऊन तेथे आठ दिवस राहावे, आणि हंडीशेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या लहानपणी या यात्रेला येताना घरून काय बांधून आणीत आणि येथे काय विकत घेत, हे वेगवेगळे विचारावे.